आरशाच्या कपाटातला राउटर

मी राउटर बोलतोय. हो, तोच, ज्याला तुम्ही वायफायचा डबा म्हणता. नेट नीट चालतं तेव्हा मी कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि अडकलं की अख्खं घर कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभं राहतं. आज मात्र तुम्ही गप्प बसा आणि मला बोलू द्या. माझा पार वैताग झालाय.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरं अंग, पुढे हिरवे दिवे, मागे दोन कान. त्या कानांना लोक अँटेना म्हणतात आणि येता-जाता पिरगळतात. माझं काम साधं आहे. वायरीतून आलेलं नेट हवेतून घरभर पोचवायचं. हवेतून! एवढा एक शब्द माणसांनी लक्षात ठेवला असता, तर ही कर्मकहाणी सांगायची वेळच आली नसती.

मी ज्या घरात आलो ते काका-काकूंचं. काकांचं आरसे आणि फ्रेमा बनवायचं दुकान होतं. आता ते घरीच असतात. काकूंना काही आठवड्यांपूर्वी मेंदूचा झटका आला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, मनात शब्दही असायचा, तोंडातून मात्र 'ते... ते...' एवढंच यायचं. जन्मभर घर डोक्यावर घेणारी बाई एकदम मुकी झाली.

बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या, पण त्या राहायच्या दुसऱ्या गावात. म्हणून लेकीनं काकूंच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावून घेतला, म्हणजे बाईंचे ओठ नीट दिसतील. टीव्हीवर कॅमेरा, आणि टीव्हीपर्यंत चित्र पोचवायला मी. "सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात," बाईंनी बजावलं होतं. "तास चुकवू नका."

मला बसवायला आलेला माणूस फोन कानाला लावूनच आला आणि तसाच गेला. पॅसेजमध्ये जिथे वायर संपली, तिथे त्यानं मला एका स्टुलावर ठेवलं. टीव्हीवर चित्र आलं. "चालतंय ना काका? झालं तर मग!" जागा खरंच बरी होती. समोरच काकूंच्या खोलीचं दार. मी खूश.

ती खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. काकांना टापटिपीचा भारी सोस. वायर दिसली की कपाळाला आठी. स्टुलाच्या मागेच त्यांनी स्वतः बनवलेलं कपाट होतं, त्याच्या दाराला वरपासून खालपर्यंत आरसा. त्यांनी मला उचललं, पाठीमागून भोक पाडून वायर आत घेतली, आणि इस्त्री नि चपलांच्या शेजारी मला ठेवून दार लावून घेतलं.

"आता कसं छान दिसतंय!"

दिसतंय! अहो, आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. तुमचा चेहरा तो जसा परत पाठवतो, तशा माझ्या लहरीही परत पाठवतो. मी आत बसून बोंबलतोय आणि माझीच बोंब माझ्या अंगावर आदळतेय.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. बाई म्हणाल्या, "काकू, आता ओठ मिटा..." आणि ओठ मिटलेल्या बाई तशाच गोठल्या. पडद्यावर चकती गरगर फिरू लागली. काकूही ओठ मिटून बसून राहिल्या. पुढे काय करायचं ते सांगायला कुणी नव्हतं. चित्र हललं तेव्हा बाई भलत्याच अक्षरावर पोचल्या होत्या.

हे नेहमीचंच झालं. आणि खापर कुणावर? माझ्यावर! लेक कपाट उघडून माझं बटण बंद करायची, चालू करायची. काका मला थोपटायचे. एकदा तर त्यांनी माझ्यावर फुंकर मारली! दार उघडं असेतोवर सगळं सुरळीत चालायचं. "बघ, बंद करून चालू केलं की होतं," असं म्हणून ते पुन्हा दार लावायचे. मला दात असते तर मी चावलो असतो. कंपनीला फोन करावा, तर तिकडून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून गाणं लावायचे. शेवटी निकाल लागला, "हा डबाच भिकार आहे."

शिव्यांचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते काकूंचं. त्यांनी शिकणंच सोडलं. बाई पडद्यावरून "काकू, ऐकू येतंय का?" म्हणून विचारायच्या आणि काकू टीव्हीकडे पाठ करून पडून राहायच्या. काका पलंगाच्या कडेवर बसून म्हणायचे, "अगं, एकदा बघ तरी तिकडे. माझ्यासाठी." आणि मी कपाटात, चपलांच्या वासात, कोंडलेला. ओरडून सांगणार तरी कसं?

एका सकाळी काका चपला घालून खाली गेले आणि कपाटाचं दार उघडंच राहिलं. खोलीत लेकीनं हट्टानं तास लावून ठेवला होता. चित्र एकदम मोकळं झालं. बाईंचा आवाज न तुटता आला, तशा काकू वळल्या. बाईंचे ओठ मिटले, उघडले. काकूंचेही मिटले, उघडले.

"पा..."

"अगदी बरोबर! पा-णी."

"पा... णी."

बाई टाळ्या वाजवू लागल्या. लेकीनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात काका आले, चपला आत ठेवल्या आणि दार लावलं. बाई टाळी वाजवता वाजवता गोठल्या.

काकूंनी पलंगावरून हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग कपाटाकडे. पलंगाची कड धरून त्या उठून बसल्या.

"ते... ते... दा..."

"काय हवंय? पाणी?" काकांनी विचारलं.

"दा... दा..."

"दात दुखतोय का गं आई?" लेक म्हणाली.

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. इतके दिवस साठलेला संताप एका दमात वर आला.

"अहो!" त्या कडाडल्या. "दार उघडं ठेवा!"

 काकांनी घाईघाईनं दार उघडलं आणि ते हातात धरून काकूंकडे वळून उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, कळेना. "ओरड," ते म्हणाले. "अजून ओरड माझ्यावर."

दुपारी त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणून आरशाचं ते दार बिजागऱ्यांसकट उतरवलं.

आता मी वरच्या फळीवर, उघड्यावर आहे. म्हणून सुखात आहे असं मात्र समजू नका. पाहुणे आले की काका अजूनही माझ्यावर रुमाल टाकतात. लेक माझ्यापुढे पाण्यानं भरलेली फुलदाणी ठेवते, आणि पाणीही माझ्या लहरी अडवतं. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याला कोंडू नका, झाकू नका. हात असते तर जोडले असते.

काकू आता बऱ्याच बोलतात. वाक्यं तुटतात, शब्दांची अदलाबदल होते. माझं नाव तर काही केल्या जिभेवर येत नाही. परवा चित्र जरा थबकलं, तशा म्हणाल्या, "अहो, त्या कुकरकडे बघा." सगळे खो खो हसले. काकू स्वतःही हसल्या. तेव्हापासून घरात माझं नाव कुकर.

मी कुकर नाही. मला शिट्टी येत नाही. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर माझे दिवे लाल झाले असते. पण काकू, तुम्ही कुकर म्हणा, टोपलं म्हणा, तोंडाला येईल ते म्हणा. फक्त बोलत राहा. पोचवायचं मी बघतो.