आधी नाव, मग सही

साहेब, तुमच्यामुळं एक सरळ माणूस पाच वर्षं आपल्याच घरच्यांशी खोटं बोलला. तुम्ही त्याला मारलं नाहीत, शिवी दिली नाहीत. उलट खुर्ची पुढं सरकवलीत, चहा मागवलात, पाठीवर हात ठेवलात. म्हणून आजवर तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. इथं ठेवलंय. कुठले साहेब म्हणून मागं वळून बघू नका, मागं कुणी नाही.

गोष्ट त्या सरळ माणसाच्या साडूची. त्याला सगळे रंगारी म्हणायचे, कारण अर्धं आयुष्य त्यानं गॅरेजात गाड्या रंगवल्या होत्या. ट्रकच्या दारावर नाव काढावं तर यानंच. मग थिनरच्या वासानं छाती धरली. जिना चढताना मधेच भिंतीला हात लावून उभा राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आता गाड्या रंगवू नका. चालवता येतात का बघा." ते बोलले थट्टेत, यानं मनावर घेतलं. तुमच्याच मालवाहतुकीच्या कंपनीच्या शाळेत तो ट्रक शिकला, मोठं लायसन काढलं, आणि शिकवण्याची फी पुढच्या कमाईतून कापून घेण्याचं कबूल करून बसला. मागं जायला वाट नव्हती. ब्रश परत धरला असता तर छातीनं घात केला असता. पुढं जे काय होईल ते ट्रकवरच.

शिकून झालं तेव्हा तुम्ही दोन दारं दाखवलीत. एक, पगारावर. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, टायर फुटला तर बोंब कंपनीची. ड्रायव्हरनं फेरी मारायची, आल्यावर फाटकाजवळच्या फळीवर चावी अडकवायची आणि पायी घरी जायचं. दुसरं, लीजवर. गाडी तुझी, चावी तुझ्या खिशात, दारावर तुझ्या लेकरांचं नाव. हप्ते संपले की कागदोपत्रीही तुझी. डिझेल, टायर, दुरुस्ती हेही तुझंच, पण ते तुम्ही जरा हळू आवाजात सांगितलंत.

"जन्मभर फळीवर चावी अडकवायची, की मालक व्हायचं?" असं तुम्ही विचारलंत आणि वर्गावरून नजर फिरवलीत. आता मालक नको असं चारचौघांत कोण म्हणेल? शेजारी बसलेला पैलवान, जो नावापुरताच पैलवान होता आणि रिव्हर्स घेताना डोळे मिटायचा, तो पहिल्यांदा उठला. "मला मालक लिहा," म्हणाला. वर्ग हसला. तुम्हीही हसलात. तुमचं हसणं वेगळं होतं, ते कुणाला दिसलं नाही.

घरी रंगाऱ्यानं विषय काढला तेव्हा त्याचा साडू आलेला होता. हा बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, तुमच्याकडेच पगारावर ट्रक चालवणारा. माणूस असा की दुकानदारानं चुकून जास्त सुटे पैसे दिले तर अर्ध्या रस्त्यातून परत जाईल. त्याचाही एकदा स्वतःचा ट्रक होता, हप्त्यांवर घेतलेला; कुणाकडून ते घरी कुणी विचारलं नव्हतं. मग कंबर धरली म्हणून विकून टाकला, असं तोच सांगायचा. आणि त्याच कंबरेनं तो रोज तुमचा ट्रक हाणतो हे घरातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. आपल्या माणसाच्या शब्दाला कोण खोदून बघतं?

"पगार घे," साडू म्हणाला.

"का पण, साडूभाऊ?"

"पगार बरा असतो."

"तुम्हीसुद्धा ठेवला होता की ट्रक. काही वाईट झालं का?"

साडूनं कप खाली ठेवला. "मी सांगतोय ना, पगार घे. प्रत्येक गोष्टीला कारण कशाला लागतं तुला?" एवढं बोलून तो उठला आणि चपला घालून चालता झाला. अर्धा चहा तसाच राहिला.

दार लागल्याबरोबर बायको म्हणाली, "भाऊजींना बघवत नाही, दुसरं काय. स्वतःचा विकून बसले, आता तुम्ही मालक झालात तर ताईसमोर मान कशी वर करतील?"

"अगं, ते तसले नाहीत."

"तसलं कुणीच नसतं हो, वेळ येईपर्यंत."

रंगाऱ्यानं उलटसुलट करून पाहिलं. लीजची गाडी दुसऱ्या कुणाचं भाडं घेऊ शकत नाही, हे त्याला खटकत होतं. आपली गाडी, आणि माल कुणाचा भरायचा ते दुसऱ्यानं ठरवायचं? पण पगारावर गेलं तर आज ही गाडी, उद्या ती, कुणाच्या तरी घामाच्या वासात बसायचं आणि चूक दुसऱ्याची असली तरी बोलणी आपण खायची. गॅरेजात त्यानं शेकडो गाड्यांवर लोकांच्या लेकरांची नावं काढली होती. एकदा आपल्या लेकरांचं काढावं असं वाटलं तर त्यात काय पाप होतं? इथंच तुम्ही गळ टाकता, साहेब. माणसाच्या हावेवर टाकला असता तर एक वेळ माफ केलं असतं. तुम्ही तो त्याच्या मायेवर टाकता.

कारण तुमच्याकडे रीतच तशी आहे. आधी नाव, मग सही. करारावर सही करायच्या आधीच तुम्ही गाडीच्या दारावर नाव काढून देता, ड्रायव्हरला स्टेअरिंगवर बसवता आणि फोटो काढता. फोटो बायकोला जातो, बायकोकडून माहेरी जातो, माहेराहून गल्लीभर. मग सही करायला कुणाचा हात अडतो? दारावर लेकराचं नाव लिहिलेली गाडी नको म्हणून परत येणारा बाप अजून जन्मायचाय. पैलवानाचा फोटो तर निघालाही होता. त्यानं दारावर 'आई' लिहून घेतलं होतं आणि आईनं तो फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला होता.

रंगाऱ्याची लेक म्हणाली, "बाबा, ठमी लिहू नका हं. शाळेतलं नाव लिहा. सगळ्या गावात ठमी म्हणून फिरायचं नाहीये मला."

"गाडी माझी. मी ठमीच लिहिणार."

"मग मी त्या गाडीत बसणार नाही."

"नको बसूस. बाहेरून हात हलव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला जुना ब्रश फडक्यात गुंडाळून यार्डात गेला. तुमचा पोऱ्या पत्र्याचा साचा आणि फवारा घेऊन उभा होता. रंगारी त्याला म्हणाला, "तू राहू दे. हे नाव मी काढणार." गाडी पांढरीशुभ्र होती, ओळीतल्या सगळ्या गाड्यांसारखी. त्यानं दारावरून तळहात फिरवला आणि तिथंच त्याचं तोंड वाकडं झालं. खाली न घासता वर रंग मारलेला. हाताला उंचवटे लागत होते. असल्या दारावर नाव काढणं म्हणजे मळक्या अंगावर नवा सदरा घालणं. बायकोनं दिलेला रुमाल त्यानं नाकाला बांधला, बादलीत पाणी घेतलं, घासायचा पेपर भिजवला आणि दार घासायला बसला.

ज्याला हे काम ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. जुनं नाव तसंच ठेवून वर रंग मारला, की अक्षरं जिथं आहेत तिथं रंग किंचित वर आलेला असतो. घासायला लागलं की आधी तोच उंचवटा झिजतो. म्हणजे घासणारा नाव पुसायला जातो, आणि नाव वर येतं.

आधी लाल रंगात एक 'छ' वर आला. मग 'छोटू'. रंगारी थांबला. असेल कुणाचा तरी छोटू. पण छोटूच्या खालून, तिरपं, निळं असं आणखी काही डोकावत होतं. त्यानं पाणी शिंपडून आणखी घासलं. 'ब' आला. दुसरा 'ब' आला. शेवटच्या अक्षराची वेलांटी वर आली आणि त्याच्या हातातला पेपर बादलीत पडला. त्या वेलांटीचं टोक पानासारखं वळवलेलं होतं. तसं पान अख्ख्या गावात एकच माणूस काढायचा, आणि तो आत्ता दारासमोर उकिडवा बसला होता.

बबडी. साडूची लेक. हे नाव त्यानंच काढलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, हिरव्या ट्रकवर, एक पैसा न घेता. बबडीला खांद्यावर बसवून साडूनं तो ट्रक गल्लीत आणला होता तेव्हा थोरल्या मेव्हणीच्या डोळ्यांना पदर लागला होता. विकलेला ट्रक. कंबर धरली म्हणून विकलेला. तो इथं, कंपनीच्या यार्डात, पांढरा होऊन उभा होता, आणि मधे एक छोटूही येऊन गेला होता.

तेवढ्यात साडू फेरी संपवून फाटकातून आत आला. चावी अडकवायला फळीकडे निघाला आणि रंगाऱ्याला बघून वळला. दाराजवळ येऊन उभा राहिला.

"विकलात म्हणाला होतात," रंगारी म्हणाला.

"मग काय सांगणार होतो?"

"जे झालं ते."

साडूनं गाडीच्या पायरीवर बूड टेकलं. "आधी राजासारखं चाललं. भाड्यावर भाडं, झोपायला उसंत नाही. हप्ते फिटत आले तसं एकदम आटलं. रोज सकाळी अंघोळ करून इथं यायचो. भाडं लावणारा कारकून म्हणायचा, माल नाही. माझ्या नाकासमोरून पगारी गाड्या भरून जायच्या. पगारी गाडी उभी राहिली तर नुकसान त्यांचं, माझी उभी राहिली तर माझं. हप्ता काय, गाडी उभी असली तरी धावतोच. दोन चुकले आणि चावी टेबलावर ठेवायला लावली. भरलेलं सगळं गेलं. वर म्हणाले, पगारावर ये, तुझ्यासारखी माणसं हवीत."

"आणि तुम्ही आलात."

"पोरीची शाळा होती रे." त्यानं तोंड पुसलं. "मला वाटलं माझंच चुकलं. साहेब म्हणाले, सगळ्यांना धंदा जमत नाही. तेच डोक्यात बसलं. मी बावळट ठरलो हे तुझ्या मेव्हणीला कुठल्या तोंडानं सांगू? गल्लीत मिरवलेली गाडी."

बघा साहेब, तुमची कारागिरी. माणसाला नुसतं लुटलं तर तो चव्हाट्यावर येऊन ओरडतो. तुम्ही लुटता आणि वर त्याला त्याचीच लाज वाटायला लावता. मग तो तोंड शिवून बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर तुम्ही पुढचा बकरा आणता. साडूनं साडूला सांगितलं नाही. छोटूच्या बापानं कुणाला सांगितलं नसेल. तुमचं सगळं यार्ड या लाजेवर उभं आहे.

"मी पगार घे म्हणालो होतो," साडू पुटपुटला.

"कारण सांगितलं असतं तर घेतला असता."

साडूनं मान खाली घातली. रंगाऱ्याला राग आला होता, पण त्या खाली गेलेल्या मानेकडे बघून तो राग दुसरीकडे वळला. जिथं वळायला हवा होता तिथं.

तुम्ही आलातच. हातात करार, खिशाला पेन, मागं फोटो काढणारा, आणि त्यामागं सगळा वर्ग, पैलवानासकट. आज सह्यांचा दिवस होता. दाराची दशा बघून तुमच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय केलंस? गाडी खराब केलीस."

"घासली, साहेब. माझ्या आधी हिच्यावर कुणाकुणाची लेकरं होती ती बघत होतो."

वर्ग पुढं सरकला. पैलवान वाकून वाचायला लागला. "छोटू... बबडी... साहेब, माझ्या 'आई'खाली कोण आहे हो?" कुणी हसलं नाही. तो स्वतःही हसला नाही.

तुम्ही म्हणालात, "जुन्या गोष्टी आहेत. ज्यांना मेहनत जमली नाही त्यांनी गाडी सोडली. धंदा आहे. ज्याच्यात दम असतो त्याचीच गाडी होते."

"एक दाखवा," रंगारी म्हणाला. त्याला धाप लागली होती, रुमाल गळ्यात लोंबत होता, पण आवाज हलला नाही. "हप्ते फेडून गाडी घरी नेलेला एक माणूस दाखवा. आत्ता सही करतो. पेन माझंच वापरतो."

तुम्ही फोन काढून बघायला लागलात. फोन वाजला नव्हता.

तेव्हा साडू पायरीवरून उठला. त्याच्या हातात कंपनीची चावी अजून तशीच होती. वर्गाकडे बघायला त्याला जड गेलं, तरी बघितलं. "ही बबडी माझी," तो म्हणाला. "मी एकसुद्धा भाडं नाकारलं नव्हतं. आजारी असतानासुद्धा नाही. मेहनतीचं बोलू नका, साहेब."

"सही आधी होऊ दे, मग ऑफिसात बसून बोलू," तुम्ही म्हणालात. "चहा घेऊ."

रंगाऱ्यानं ब्रश फडक्यात परत गुंडाळला. "चहा नको. मला पगाराची नोकरी द्यायची तर द्या, नाही तर देऊ नका, ते मागून बघू. ही गाडी मी घेत नाही. पण ही पोरं गाडी घ्यायला आलीत. त्यांच्यासमोर सांगा. हप्ते फिटायला आले की लीजच्या गाडीला भाडं मिळायचं का बंद होतं? माल संपतो, तर पगारी गाड्या कशानं भरतात? ऑफिसात नाही साहेब, इथंच, या दारासमोर सांगा. आम्ही उभे आहोत."