आईच्या पपईचं बी

शालनने विळीवर पपईचे दोन भाग केले आणि ती बघतच राहिली. आत एकही बी नव्हती.

"मच्छिंद्र, हे रे काय?"

"बरंच हाय की, आक्का. बिया काढायचा ताप न्हाई," उंबऱ्यात बसलेला भाऊ म्हणाला.

शालनला हसू आलं नाही. बिबवेवाडीहून बस बदलत ती लोणी काळभोरला माहेरी आली होती ती या बियांसाठीच. त्यांची आई, तुळजाबाई, चांगल्या पपईचं बी राखेत घोळून सुपात वाळवायची आणि लेकीला पुडी बांधून द्यायची. फोडली की घरभर वास सुटावा अशी ती पपई. आई गेल्यावर मच्छिंद्रने विकतची रोपं आणून बाग लावली. रोग आला, पानं चुरगळली, बाग उपटून त्याने ऊस केला. विहिरीजवळचं आईच्या बियांचं एक झाड तेवढं त्या रोगाला पुरून उरलं; ही पपई त्याचीच. आता तेही कललं होतं. ते पडलं की आईच्या हातचं काहीच उरणार नव्हतं, आणि शालनला ते सोसवत नव्हतं.

"आत्या, हे मादी झाड आहे," शेतकी कॉलेजात शिकणारी भाची शेफाली म्हणाली. "जवळ नर झाड नसलं तरी फळ धरतं कधी कधी, पण आत बी होत नाही. नर झाडं पप्पांनी तोडली."

"फळ देईनात, नुसतं पाणी पीत व्हती. आई एक राखायची. मला वाटायचं, म्हातारीची माया."

"कसं दिसतं गं नर झाड?"

"लांब दांड्यांवर फुलांचे घोस लोंबतात. फळ मात्र नाही."

शालनने हातातली फोड खाली ठेवली. बिबवेवाडीत सोसायटीच्या भिंतीलगत आईच्या पुडीतलंच बी तिने लावलं होतं. त्या झाडाला वर्षानुवर्षं नुसते घोस लोंबायचे आणि येणारे-जाणारे तिची थट्टा करायचे. शेवटी वैतागून आज सकाळी निघताना तिनेच तोडायला सांगितलं होतं.

तिने घाईघाईने सेक्रेटरींना फोन लावला.

"अहो अनिरुद्ध, ते झाड तोडू नका!"

"शालनताई, आपल्या सोसायटीत पहिल्यांदाच एखादं काम वेळेवर झालं, आणि आता आपण असं म्हणताय?"

ती घरी परतली तेव्हा झाड भिंतीशी आडवं पडलं होतं. तोडलेल्या जागी चीक सुकला होता. शालन तिथेच कठड्यावर बसून रडली. मग डोळे पुसताना तिला दिसलं, घोस तसेच होते आणि त्यांवर कळ्या होत्या. तिने शेफालीला फोन केला.

"दांड्यांसकट पाण्यात ठेव, आत्या. सकाळपर्यंत उमलल्या तर लगेच घेऊन ये, इथल्या फुलांना पराग लावू."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने ती निघाली. मांडीवर डबा, डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पांढरट फुलं. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, देवाला का? शालन हो म्हणाली.

विहिरीपाशी शेफाली शिडी घेऊन उभी होती. कललेल्या झाडाला कुणीतरी बांबूचा भक्कम टेकू दिला होता. शालनने एकेक फूल मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच टेकवलं. मच्छिंद्र खाली शिडी धरून होता.

मग म्हणाला, "आक्का, आई राख गवऱ्यांचीच घ्यायची ना?"