तीन पायांवर, सहाशे मीटरवर

ऐका, मी तिवई बोलतेय. नेदरलँड्समधल्या एका रायफल क्लबच्या कंटेनरमध्ये माझा मुक्काम असतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत सहाशे मीटरवर पोलादी पत्रा टांगतात, तो मी अंगावर वागवते. गोळी लागली की टणत्कार होतो आणि तिकडे टाळ्या पडतात. टाळ्या नेमबाजाला. माझं नाव कुणी घेत नाही, म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं. मला लाजायचं काही कारण नाही.

मला घडवणाऱ्या बाईचं नाव इरावती. तेव्हा वय एकाहत्तर. इस्लामपूरला चाळीस वर्षं तिचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं. शाळा सातवीपर्यंत. वेल्डिंग तिला कुणी शिकवलं नाही. नवरा गेला, आणि दोनच महिन्यांनी कारागीर एका सोमवारी आला नाही तो नाहीच. बाईनं पदर खोचला, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. पहिली खिडकी वाकडी झाली. दुसरी जरा कमी वाकडी. तिसरीपासून एकही परत आलेली नाही. हे ती स्वतः सांगते, आणि दोनदा सांगते.

आता ती आइंडहोव्हनला मुलाकडे राहते. मुलगा अंबरीश चिप बनवणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. केसाच्या हजाराव्या भागाइतकी ढिलाईसुद्धा त्याच्या कामात चालत नाही. सून मृणालिनी कॉलेजात असताना एनसीसीत रायफल शिकली, आणि इथे पाच वर्षं क्लबची मेंबर आहे.

या देशात जमिनीचा तुकडान् तुकडा आखलेला. एवढ्या लांबच्या नेमबाजीसाठी क्लबला लष्कराचं मैदान मिळतं, ते वर्षातून एक दिवस. तिथे नेता येईल असा सुटसुटीत स्टँड हवा होता. मृणालिनी मीटिंगमध्ये ताडकन बोलून गेली, "माझ्या सासूबाई करतील."

क्लबची सुरक्षा अधिकारी योके. साठी उलटलेली, उंच, करड्या केसांची, हसताना दात न दाखवणारी. तिनं एवढंच विचारलं, "त्यांचं वेल्डिंगचं सर्टिफिकेट?"

ते कुठून असणार?

"मग मैदानावर चाचणी घेऊ," योके म्हणाली. "पास झाला तर ठेवू. पडला तर भंगारात, आणि कारखान्यातून तयार मागवू."

मृणालिनीनं घरी हे चाचरत सांगितलं. इरावतीबाई भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "माझं काम भंगारात? चाळीस वर्षांत गेलं नाही ते आता, या वयात, परक्या मुलखात जाईल होय? लोखंड आणा."

अंबरीशनं लॅपटॉपवर सुंदर चित्र काढलं. चार पाय, सगळं काटकोनात. बाईंनी चष्मा वर केला.

"चार पाय कशाला रे? मैदान म्हणजे काय तुझ्या ऑफिसची फरशी? चौथा पाय कुठेतरी अधांतरी राहणार आणि सगळं डुगडुगणार. तीन पाय कुठेही टेकतात."

"आई, मी हेच काम करतो गं."

"तू गुळगुळीत जागेवर करतोस."

क्लबच्या शेडमध्ये तीन दिवसांत मी झाले. डोकं लोखंडाचं, त्याला तीन चौकोनी खोबण्या. खोबण्यांत लाकडी पाय नुसते सारायचे. "पायाला गोळी लागणार कधीतरी," बाई म्हणाल्या, "लाकूड बदलायला काय लागतं?" पुढचे दोन पाय आखूड. मागचा लांब, धक्का सोसायला. पत्रा खास कडक पोलादाचा, त्याला त्यांनी वेल्डिंगचा चटकासुद्धा लागू दिला नाही, कारण तापला की तो मऊ पडतो. पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा मागितला, तो इथे कुठला! शेवटी अग्निशमन दलाचा टाकाऊ कापडी पाइप मिळाला. त्याच्या पट्टीवर पत्रा टांगला, जरा पुढे झुकवून, म्हणजे फुटलेल्या गोळीचा चुरा खाली मातीत जातो. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बाईंनी वेल्डिंगनंच नाव गिरवलं: इरावती. अक्षरं जाडी आहेत, पण डौलदार आहेत.

चाचणीच्या आदल्या दिवशी अंबरीश शेडमध्ये आला. एकटाच. त्यानं पत्र्याला बोट लावलं. पत्रा झुलला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "हलतंय," तो पुटपुटला. आईचं हसं होऊ नये म्हणून, हो, प्रेमानंच, त्यानं दोन लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट घालून पत्रा मागून माझ्या अंगाशी घट्ट आवळला. मला तोंड असतं तर तिथेच ओरडले असते. या माणसांची एक खोड मी पाहिली आहे. ज्याच्यावर जीव असतो, त्याला ती हलू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीतून मैदानापर्यंत, आणि पुढे वाळूच्या वाटेवरून मी बाकफिट्समध्ये बसून गेले. बाकफिट्स म्हणजे पुढे मोठं खोकं असलेली सायकल, तिच्यातून इथे पोरांची ने-आण करतात. मला उभं करून सगळे सहाशे मीटर मागे गेले. मृणालिनी रायफलमागे पालथी पडली.

माझ्याकडे सगळं उलटं असतं. तुम्हाला आधी आवाज येतो. मला आधी गोळी लागते, मग तिचा आवाज मागून धावत येतो. त्या दिवशी पहिल्या गोळीचा आवाज येईपर्यंत मी उताणी पडलेली होते.

गोळीबार थांबवायचा लाल झेंडा वर गेला. योकेनं फॉर्मवर फुली मारली आणि म्हणाली, "हेलास." म्हणजे, वाईट वाटतं, पण संपलं.

इरावतीबाई सायकलची वाट बघत थांबल्या नाहीत. नऊवारी, त्यावर मुलाचं जाकीट, पायांत स्पोर्ट्स शूज, तशा ताडताड चालत आल्या. मागून सगळी वरात. बाई गुडघ्यांवर बसल्या, पत्र्यामागे हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

"ह्या पट्ट्या कुणी आवळल्या?"

अंबरीश पुढे झाला, "आई... ते हलत होतं गं."

"हलणारच! मार खायचाय त्याला. झुलला तर मार जिरतो, आवळलास तर सगळा तिवईवर येतो. एवढा शिकलास, आणि आईला एक शब्द विचारता आला नाही?"

अंबरीशचे कान लाल झाले. बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून पाना काढला. तो इस्लामपूरहून आणलेला; विमानतळावर कुणी काढून घेतला नव्हता, नाहीतर तिथेही भांडल्या असत्या. चारही बोल्ट काढून मुलाच्या तळहातावर ठेवले, पट्ट्या हीथर नावाच्या रानझुडपात भिरकावल्या, मला उभं केलं. मग हातोडा काढला आणि योकेपुढे धरला.

"मृणाल, सांग तिला. मार म्हणावं. जोरात."

मृणालिनीनं डचमध्ये सांगितलं. योकेनं हातोड्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मारला. पत्रा झुलला. मी जागची हलले नाही. तिनं पुन्हा मारला, या वेळी खरोखर जीव खाऊन. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"पाच गोळ्या," योके म्हणाली.

सगळे पुन्हा सहाशे मीटर मागे गेले. पहिली. टण्ण! दुसरी. तिसरी. चौथी. मी तशीच. पाचवी माझ्या उजव्या पायातून आरपार गेली, लाकूड फुटलं आणि मी कलंडले.

"ही कुठे मारलीस गं?" बाईंनी विचारलं.

"वाऱ्यानं ओढली, आई."

"वाऱ्यानं. बरं."

बाई परत चालत आल्या. फुटका पाय उपसला, नवा सारला, वर एक चापट मारली. योकेनं घड्याळात पाहिलं. एक मिनिटही झालं नव्हतं. तिनं फुली खोडली. फॉर्मवर एक रकाना उरला होता, बनवणाऱ्याची पात्रता. तिनं मृणालिनीला विचारलं, तिनं सासूबाईंना.

"लिही म्हणावं, चाळीस वर्षं."

योकेनं तेच लिहिलं. आणि दात दाखवून हसली. मी साक्षीला आहे.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझे पाय अकरा वेळा बदलले, पाइपची पट्टी तीनदा. डोकं तेच. बाईंची नजर अधू झाली, होल्डर सुटला. मागच्या मे महिन्यात मैदानावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. योके दर नव्या मेंबरला माझ्यामागे आणते, त्याचं बोट त्या जाड्या अक्षरांवरून फिरवते आणि "इरावती" म्हणते, अगदी स्वच्छ. अंबरीशही येतो. पत्र्याला बोट लावतो, तो झुलला की समाधानानं मागे सरतो.

माझं मागणं थोडं आहे. पाय बदला, पट्टी बदला, गंज आला तर रंग द्या, पण नावावर रंग चढवू नका. आणि माझ्या पत्र्याला कधी आवळू नका. सहाशे मीटरवरून त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला पावणेदोन सेकंद लागतात. तुम्ही टाळ्या वाजवता, तोवर मी मार पचवून पुढच्या गोळीला तयार असते.