प्लेटच्या वर, उजवीकडे

"खाली. डावीकडे," ओपल म्हणाली.

खोटं होतं. लाल ठिपका कागदी प्लेटच्या बरोब्बर मध्यावर चमकून विझला होता. वॉशिंग मशीनवर बसून तिने तो स्वच्छ पाहिला होता.

"परत खाली?" व्हर्लिन कुरकुरला. "अंगठ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हात माझं ऐकतच नाही."

"तू तरी कुणाचं ऐकतोस?"

तो हसला. पिस्तूल किंचित वर, किंचित उजवीकडे नेऊन त्याने चाप ओढला. पिस्तूल सरावाचं, पण आकाराने, वजनाने खऱ्याचं जुळं भावंड. पोटात गॅस भरला की खऱ्यासारखाच हाताला झटका द्यायचं, गोळीऐवजी फक्त ठिपका फेकायचं. खरं पिस्तूल वरच्या कपाटात कुलपात ठेवल्याशिवाय व्हर्लिन तळघराची पायरी उतरत नसे.

या वेळी ठिपका प्लेट सोडून वर, उजवीकडे, भिंतीवर पडला.

"आता बसली," ओपल म्हणाली.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात कोर्टाच्या दाराशी व्हर्लिन वीसेक वर्षं पहारेकरी म्हणून उभा होता. लोकांच्या किल्ल्या ट्रेमध्ये घ्यायच्या, त्यांच्या आईची तब्येत विचारायची आणि आत सोडायचं. कमरेचं पिस्तूल त्याने कधी उपसलं नव्हतं. पण नेमबाजीची परीक्षा दरवर्षी असे, आणि या वसंतात तो नापास झाला होता. आता एकच संधी. ती हुकली की पिस्तूल जमा, आणि चौकशीच्या टेबलाशी खुर्ची.

म्हणून हा तळघरातला सराव. नेम धरताना त्याची नजर पिस्तुलाच्या टोकावर असायची. पलीकडची भिंत त्याच्या जवळच्या चष्म्यातून नुसती धुरकट. ठिपके टिपणारं काहीतरी फोनमध्येही मिळतं म्हणे. व्हर्लिन म्हणाला, "फोन कशाला? ओपल आहे की."

सुरुवातीला ती खरंच सांगायची. मग शेजारच्या काउंटीत कोर्टाच्या दारातच एका पहारेकऱ्याला कुणीतरी गोळी घातली. टीव्हीवर त्याची बायको ओसरीत उभी दिसली. अंगात घरातलाच गाऊन, एका पायात चप्पल. दुसऱ्या दिवशी ओपलच्या तोंडून "खाली" कधी निघालं ते तिचं तिलाही कळलं नाही. व्हर्लिनने मात्र लगेच हात सुधारला. इतक्या विश्वासाने, की मग खरं सांगायचं कसं, हेच तिला सुचेना. आणि खरं सांगायचं तर, सांगायचंही नव्हतं. खुर्चीवर बसलेला नवरा तिला चालणार होता.

परीक्षेच्या सकाळी ती वाळलेल्या बीन्स निवडत होती. हात खडा शोधत होते, आणि मध्येच थांबले. आजवर तिने नापास होण्याचाच विचार केला होता. पण परीक्षकाने गावचा माणूस म्हणून सांभाळून घेतलं तर? मग हाच हात घेऊन व्हर्लिन त्या दारात उभा राहील. तिने वाकडा केलेला हात.

ती तशीच बाहेर धावली. ट्रक सुरू झाला होता.

"व्हर्लिन!"

त्याने काच खाली केली. "काय गं?"

गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. शाळेच्या पहिल्या दिवशी असावा तसा चेहरा.

"...जॅकेट घेतलंस?"

"सप्टेंबरात? म्हातारी झालीस तू," म्हणून तो गेला.

दुपारी परतला तेव्हा सांगावं लागलं नाही. कमरेला पट्टा नव्हता. त्याने हात धुतले आणि तो टेबलाशी बसला.

"सगळ्या वर, उजवीकडे," बीन्समध्ये मक्याचा कॉर्नब्रेड कुस्करत तो म्हणाला. "पण एका मुठीत मावतील इतक्या जवळजवळ. परीक्षक चक्रावला. म्हणाला, हात तर दगडासारखा स्थिर आहे, मग हे शिकवलं कुणी तुला?"

ओपलच्या हातातला डाव हलेना. "तू काय सांगितलंस?"

"चष्मा, म्हटलं. वय झालं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"व्हर्लिन, ते मी—"

"कांदा दे जरा."

"ऐक ना. तळघरात मी तुला—"

"ओपल." आवाज हळू होता. "कांदा दे."

तिने कांदा दिला. मग दोघं जेवली. बीन्स छान झाल्यात, असंही तो म्हणाला.

सोमवारी तो नेहमीच्याच वेळेला निघाला. ओपल जाळीच्या दाराआडून बघत होती. अंगण ओलांडून तो ट्रककडे चालला होता. डावा हात मोकळा झुलत होता. उजवं कोपर मात्र अंगापासून वीतभर दूर धरलेलं, पिस्तूल लागू नये म्हणून धरायचा तसंच. आणि त्या कोपराखाली आता नुसता शर्ट होता, तिनेच इस्त्री केलेला.