कोऱ्या कागदाखालची सही

दांडीतला स्क्रू चष्मेवाल्याच्या चिमट्यातून तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा समोर बसलेला हवालदार म्हणाला,

"राहू द्या ते. आधी हे घ्या. मंगळवारी कोर्टात साक्षीला यायचंय. युनिफॉर्म घालून या."

चष्मेवाल्याने समन्स घेतलं. गेली सोळा वर्षं तो स्वयंसेवक पोलीस होता. दुकान सांभाळून संध्याकाळी दोन तास चौकात शिट्टी, कुठे गर्दी झाली की दोरी धरून उभं राहायचं. पगार नाही. मिळायची ती टोपी, दंडावरची पट्टी आणि ठाण्यात पाऊल टाकलं की 'या, बसा'. त्या 'या, बसा'साठी माणूस काय काय करतो! गल्लीतले लोक पाठीमागे 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

ठाण्यात बसलं की हवालदार खणातून चार-पाच कोरे कागद काढून पुढे सरकवायचा. "ऐनवेळी साक्षीदार शोधत कुठे हिंडायचं? तुम्ही तर घरचेच." घरचे म्हटल्यावर हा विरघळलाच. मग तळाशी, उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून सही. वर काय लिहिणार, हे त्याने कधी विचारलं नाही. चोराबद्दलच लिहिणार ना, मग आपल्याला काय करायचंय?

समन्सवरचं आरोपीचं नाव त्याने दोनदा वाचलं.

"हा तर माझा भाचा."

"तुम्ही ठाण्यात धावत आलात तेव्हा कळलं आम्हाला. तोवर कागद लिहून झाला होता. तुमचं आडनाव वेगळं."

भाचा वायरमन होता. दोन महिन्यांपूर्वी तांब्याच्या तारेच्या चोरीत त्याला धरलं, तेव्हा मामा धावत ठाण्यात गेला होता. 'या, बसा' मिळालं, पाणी मिळालं, भाचा काही मिळाला नाही. आता कळत होतं, की पोरगा खोलीत झोपलेला असताना त्याच्या खाटेखालून तारेचं भेंडोळं निघालं, ते म्हणे याच मामाच्या डोळ्यांदेखत.

"मी तिथे नव्हतो," चष्मेवाला म्हणाला. "त्या खोलीचा जिनासुद्धा मी त्या दिवशी चढलो नाही."

"सही तुमची आहे ना? मग तुम्ही होता." हवालदार उठला. आवाज मात्र त्याने चढवला नाही. "आणि असं बघा, हा एक कागद खोटा म्हणालात तर बाकीचेही उघडतील. साठ असतील, सत्तर असतील. माझी फार तर बदली होईल. तुमचं दुकान कुठे बदलून जाणार?"

संध्याकाळी बहीण आली. दोन महिन्यांत ती पार वाळून गेली होती, पण आज चेहऱ्यावर जरा रंग होता.

"वकील म्हणाले, साक्षीदार तूच आहेस. माझा तर जीवच भांड्यात पडला, दादा. तू असताना मला कसला घोर?"

ती पोटभर रडली, चहा प्यायली आणि गेली. तुझी सही त्या कागदावर आलीच कशी, असं तिने एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो दोन रात्री तळमळत होता.

मंगळवारी तो साध्या शर्टात गेला. हवालदाराने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भाच्याच्या वकिलाने कागद पुढे केला. चष्मेवाल्याने खिशातून डबी काढली, चष्मा लावला, कागद नीट पाहिला, चष्मा काढून डबीत ठेवला.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "पण मी केली तेव्हा कागद कोरा होता. मी त्या खोलीत गेलोच नाही."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"असे आणखी किती कोरे कागद सही करून दिलेत?"

"आठवत नाही, साहेब."

"आठवून ठेवा. विचारलं जाईल."

बाहेर बोळात बहिणीने त्याचे दोन्ही हात धरले. वकील सांगून गेला होता, पोरगा सुटल्यातच जमा आहे. "भाऊ असावा तर असा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती. चष्मेवाल्यालाही छातीत मोकळं वाटत होतं. खरं बोलणं इतकं सोपं असतं, तर मग इतकी वर्षं कशाला थांबलो, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. बहीण पोराला भेटायला आत गेली.

बाकावरून एक बाई उठून त्याच्याजवळ आली. सकाळपासून ती मागच्या रांगेत बसलेली त्याने पाहिली होती. जाड काचांचा चष्मा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

"मी माझ्या तारखेला आले होते," ती म्हणाली. "तुमचं बोलणं ऐकलं. खरं बोलायला छाती लागते."

चष्मेवाला ओशाळून हसला.

तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. घडी घालून घालून तो मधोमध फाटायला आला होता.

"एवढी सही बघता का? आमचे मालक तीन वर्षं आत आहेत. गोदामात चोरी केली म्हणे. ते त्या दिवशी तापाने फणफणले होते, मी उशाशी बसून होते. पण साक्षीदाराची सही आहे म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय?"

कागद त्याने हातात घेतलाच नाही. लांबूनही खालचं ते लांब शेपूट त्याला दिसलं होतं. साठ असतील, सत्तर असतील.

"चष्मा दुकानात राहिला," तो म्हणाला.

तिने स्वतःचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुढे केला.

"माझा लावून बघा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याने तो जपून लावला, दोऱ्याची गाठ कानामागे टोचली. सही स्वच्छ दिसली. कोपरा तोच, शेपूट तेच, अक्षराचं वळणसुद्धा त्याचंच. वरच्या पंधरा ओळी कुणा दुसऱ्याच्या अक्षरात होत्या आणि त्यातली एकही त्याने कधी वाचली नव्हती.

त्याने चष्मा काढला. सवयीने काचांवर फुंकर मारली, रुमालाने पुसल्या आणि बाईच्या हातात दिला.

"नंबर जुळत नाही," तो म्हणाला.

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. कागदाकडे तिने पाहिलं नाही. त्याच्या शर्टाच्या खिशातून डबीचं टोक वर आलं होतं, तिकडे ती बघत राहिली.