पांढऱ्या टबातली पिल्लं

आमच्या टाक्यांतले चंदेरा जातीचे जुने मासे यंदा रोगाने गेले. नवा वंश धरायचा तर पिल्लं हवीत, आणि तीही चोख. चंदेऱ्यात त्याचा चुलतभाऊ, तो मोठडोक्या, मिसळला की पुढच्या पिढ्या ना धड इकडच्या ना तिकडच्या. आणि पिल्लं पाठवली कोणी? माझ्या धाकट्या जावेने. ती फुकट हसतसुद्धा नाही.

सून भिंगाला डोळा लावून म्हणाली, "चंदेराच आहे, आई."

ही सून म्हणजे जावेची सख्खी भाची. मी तिला बाजूला सारलं. पिल्लं पापणीच्या केसाएवढी, पण चंदेऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो, तो मला पाठ आहे. इथे एकालाही नाही.

"आत्याने पढवून पाठवलंय का गं तुला माझ्या घरात?"

"पांढऱ्या टबातून आलीत ती. पांढऱ्यात ठिपका आखडतो. काळ्या घमेल्यात ठेवा, दिसेल."

"म्हणजे तोवर तू बदलायला मोकळी!"

"मग बसा राखण करत. चहा तिथेच आणून देते."

"नको. चहा प्यायला की उठावं लागतं."

बसले. घमेल्यावर झाकण, झाकणावर माझा हात. ती दोनदा दारातून डोकावली, दोन्ही वेळा मी खाकरले. लेक जेवायला बोलवायला आला. "आई, पिल्लं कुठे पळून जातायत?"

"पिल्लांचं कोण बोलतंय?"

दुपार उलटल्यावर भिंगाखाली घेतली. ठिपके आले होते, शाईचं टोक टेकवल्यासारखे. मी भिंग पुढे सरकवलं. सुनेने पाहिलं, ती मात्र उठेचना. वाटलं, आता मिरवणार बाई.

"आई, काहींना अजून नाहीत. हे बघा, डोकंही रुंद. मोठडोक्या मिसळलाय यात."

"तुझ्या आत्याने मिसळलाय."

"हो," म्हणाली. सरळ हो! यातही काही डाव असेल, असं माझ्या मनात आलंच.

"वेचून काढशील?"

"एखादं राहीलच. खायच्या माशांच्या तळ्यात सोडू सगळी. वंशाला नकोत."

"आणि आत्याला काय सांगशील?"

"सासूला पसंत पडली नाहीत म्हणून."

"माझं नाव मध्ये आणू नकोस. तू पाहिलंस, तू सांग."

तिने फोन उचलला. मी दाराबाहेर पडले आणि भिंतीला टेकून तिथेच उभी राहिले, ती नेमकं काय बोलते ते ऐकायला.