छातीएवढ्या उंचीवरचं भोक

मी जुन्या चौकीची मागची भिंत बोलतेय. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडच्या एका गावात उभी आहे. ‘आता खाली बस’ असं मला कधी कोणी म्हटलं नाही.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. विटा गावच्या, चुना गावचा, घाम गावचा. चौकी तेवढी साहेबाची. एका वर्षी डोंगरातले भिल्ल सरकारविरुद्ध उठले आणि लढाई माझ्यासमोरच झाली. त्यांच्याकडे तिरकामठे, शिपायांकडे बंदुका. पुना नावाचा भिल्ल माझ्याकडे पाठ करून लढत होता. एक गोळी त्याच्या छातीतून आरपार माझ्यात शिरली. बाकीच्या नेम चुकलेल्या, त्याही माझ्यातच घुसल्या.

लढाईनंतर साहेबाने चौकी नव्याने बांधली. मी मागच्या बाजूला, त्याला दिसत नव्हते, म्हणून भोकांसकट राहिले. माझं जतन झालं ते असं.

पुढे साहेब गेला, चौकीही पडली, मी तेवढी उरले. बायकांनी माझ्यावर गोवऱ्या थापल्या. निवडणुकीत सगळ्या पक्षांनी मला आपलं म्हटलं. भोकांत चिमण्यांनी संसार थाटले. छातीएवढ्या उंचीवरचं भोक मात्र पुनाच्या घरच्यांचं. दर उन्हाळ्यात मोहाची पहिली फुलं वेचून ते त्यात ठेवतात. आता त्याच्या नातवाची नात, म्हातारी जिवली येते. तिला नीट दिसत नाही. हाताने चाचपत भोक शोधते. तिचं बोट आत गेलं की मला खरंच बरं वाटतं.

मागच्या साली इथे ग्रामपंचायतीची नवी इमारत मंजूर झाली आणि मला पाडायचं ठरलं. जिवली ग्रामसभेत उभी राहिली. “मना आजाना आजा आठे पडना. भीत ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाली. आठे म्हणजे इथे, भीत म्हणजे मी. सरपंच प्रकाशनानांना गहिवरून आलं. त्यांनी इमारत मागे सरकवली आणि मला स्मारक करायचं ठरवलं. मी हरखून गेले.

पण आपल्याकडे लग्न असो की कानबाईचा सण, रंगरंगोटी केल्याशिवाय कार्य होत नाही. उद्घाटनाला पाहुणे येणार होते. नानांनी रोहिदास पेंटरला बोलावलं. त्याने मनापासून काम केलं. सगळी भोकं पुट्टीने बुजवली, वर गुलाबी रंगाचे दोन हात दिले. त्यावर पाटी लागली: ‘येथे वीरांनी गोळ्या झेलल्या.’

हार घालून झाल्यावर पाहुण्यांनी विचारलं, गोळ्या नेमक्या कुठे लागल्या?

“साहेब, आता काहीच कळत नाही,” नाना अभिमानाने म्हणाले.

गर्दी पांगल्यावर जिवली आली, एका मुठीत फुलं घेऊन. दुसरा हात माझ्यावरून फिरवला. खाली, वर, पुन्हा खाली. सगळीकडे गुळगुळीत.

“नाना, पुना कोठे गया?”

“अक्का, बठ्ठं नवं करी टाकं. देख, कसं झगमग दिखस!”

 ती फुलं पदरात बांधून परत गेली. माझ्याकडून फुलं कधीच परत गेली नव्हती. मला रडू आलं. लोक त्याला ओल म्हणतात.

त्या ओलीने आता माझे पोपडे सुटतायत. रोहिदास येतो, “भीत खराब शे” म्हणतो आणि पुन्हा पुट्टी मारतो. मी पुन्हा सोडते.

बाबांनो, हवा तो रंग द्या, पाटीही राहू द्या. ते एक भोक तेवढं सोडा. मोह फुलायला आलाय आणि जिवली आता फार थकलीय. ती पुन्हा हात फिरवायला येईल, त्याच्या आत मला ते उघडं करायचंय.